फंडाचा परतावा वेगळा, तुमचा वेगळा

प्रश्न : नमस्कार. गेली पाच वर्षे मी एका इक्विटी, म्हणजे शेअर्समध्ये पैसे गुंतवणाऱ्या, युनिट ट्रस्ट (म्युच्युअल) फंडात दरमहा दहा हजार भरते आहे. एकूण सहा लाख भरले, आज त्याचे साडेसात लाख झाले आहेत. ॲपवर '२५ टक्के नफा' असे हिरव्या अक्षरांत दिसते. माझे यजमान म्हणतात, पंचवीस भागिले पाच म्हणजे वर्षाला पाच टक्के. यापेक्षा बँकेच्या मुदत ठेवीत सहा टक्के मिळाले असते. दुसऱ्या एका फंडात दोन वर्षांपूर्वी एक लाख गुंतवले होते. तो फंड पहिल्याच वर्षी ४० टक्के वाढला, म्हणून मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेले पाच लाखही मी त्यातच टाकले. दुसऱ्या वर्षी फंड २० टक्के पडला. आज तिथे पाच लाख बारा हजार आहेत, म्हणजे सरळ अठ्ठ्याऐंशी हजारांचा तोटा. पण फंडाच्या मासिक पत्रकात लिहिले आहे की दोन वर्षांत या फंडाने वर्षाला ५.८ टक्के परतावा दिला! एजंट म्हणतात, दोन्ही फंडांतून निघा, नवीन फंड येतोय, दहा एनएव्हीला (एनएव्ही म्हणजे फंडाच्या एका युनिटचा, हिश्शाचा, भाव) भरपूर युनिट मिळतील. मुलाला पैसे चार वर्षांनी लागणार आहेत. नेमके कोण खरे बोलते आहे? आणि मी काय करू?
— एक वाचक

उत्तर :

ताई, एजंट सोडले तर सगळे खरे बोलत आहेत. ॲपवरचा आकडा खरा आहे, फंडाचे पत्रकही खरे आहे. यजमानांचा भागाकार चुकला आहे, पण त्यांना आलेली शंका रास्त आहे, आणि एकूण हिशेबात तर त्यांचेच म्हणणे खरे ठरते. तिथे मी पुढे येतेच. घोळ असा झाला आहे की प्रत्येकजण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर कोणीच दिलेले नाही. 'माझ्या पैशाने, तो जितके दिवस गुंतलेला होता तितक्या दिवसांत, वर्षाला किती टक्क्यांनी काम केले?' हा तुमचा प्रश्न.

आधी पहिला फंड घेऊ. सहा लाखांचे साडेसात लाख म्हणजे २५ टक्के वाढ, हे बरोबर. पण तुम्ही सहा लाख पाच वर्षांपूर्वी एकरकमी दिले नव्हते. तुमचा पहिला हप्ता साठ महिने गुंतलेला होता, मधला तीस महिने, आणि शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर तुमचा पैसा पाच नव्हे, अडीच वर्षेच कामावर होता. म्हणून पंचवीसला पाचाने भागणे चूक. प्रत्येक हप्त्याची तारीख धरून चक्रवाढीने हिशेब केला तर हा परतावा वर्षाला सुमारे ८.९ टक्के येतो. हेच सहा लाख पहिल्याच दिवशी एकदम टाकले असते आणि त्याचे पाच वर्षांनी साडेसात लाख झाले असते, तर तो परतावा वर्षाला ४.६ टक्केच ठरला असता. दोन्हीकडे ॲपवर तेच '२५ टक्के नफा' दिसले असते. त्या हिरव्या अक्षरांवर मी फार विसंबत नाही, त्याचे कारण हेच.

यजमानांना ठेवीशी तुलना करायची आहे ना? जरूर करावी, पण सारख्यास सारखे लावून. हेच दरमहा दहा हजार सहा टक्के व्याजाने जमा होत गेले असते तर पाच वर्षांनी साधारण सहा लाख अठ्ठ्याण्णव हजार झाले असते. तुमच्याकडे साडेसात लाख आहेत. या फंडाबद्दल तुम्हाला अपराधी वाटून घ्यायचे काहीच कारण नाही.

आता दुसरा फंड, म्हणजे तुमच्या पत्रातला खरा दुखरा भाग. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण अनेकांचे पैसे नेमके इथेच जातात आणि दोष मात्र भलत्यालाच दिला जातो.

समजायला सोपे जावे म्हणून धरू की तुम्ही शिरलात त्या दिवशी एनएव्ही १० होती. वर्षभरात ती १४ झाली, पुढच्या वर्षी २० टक्के पडून ११.२० वर आली. १० ची ११.२० म्हणजे दोन वर्षांत १२ टक्के, वर्षाला ५.८ टक्के. पत्रकातला आकडा हाच. आता तुमचे युनिट मोजा. पहिल्या एका लाखात १०,००० युनिट मिळाले. पुढच्या पाच लाखांत मात्र १४ च्या भावाने साधारण ३५,७१४ युनिट आले. सगळे मिळून ४५,७१४ युनिट, ११.२० च्या भावाने पाच लाख बारा हजार. पहिला लाख दोन्ही वर्षे आत होता, त्याचे एक लाख बारा हजार झाले. पाच लाखांनी मात्र फक्त पडझडीचे वर्ष पाहिले आणि त्यांचे चार लाख झाले. तारखा धरून हिशेब केला तर या फंडातला तुमचा परतावा वर्षाला उणे १२.८ टक्के आहे.

म्हणजे फंड वर्षाला ५.८ टक्क्यांनी वाढला आणि तुम्ही त्याच फंडात वर्षाला १२.८ टक्क्यांनी घटलात. यात लबाडी कोणाचीच नाही. फंड व्यवस्थापकाला लोक कधी पैसे आणतील आणि कधी काढतील यावर ताबा नसतो. म्हणून त्याचे काम जोखताना पैशांची ये-जा बाजूला ठेवून फक्त युनिटची वाढ मोजतात. १९६८ साली अमेरिकेतल्या बँक ॲडमिनिस्ट्रेशन इन्स्टिट्यूटने पेन्शन फंडांची कामगिरी कशी मोजावी यावर अहवाल दिला, त्यात व्यवस्थापकाचे मोजमाप याच कालभारित पद्धतीने करावे अशी शिफारस होती. जगभर आज हीच रीत आहे आणि ती योग्यच आहे. पण ती व्यवस्थापकासाठी आहे. पैसे कधी घालायचे हा निर्णय तुमचा होता, त्यामुळे तुमचे मोजमाप रकमेचा भार धरूनच व्हायला हवे.

हा अनुभव तुमच्या एकटीचा नाही. मॉर्निंगस्टार ही संस्था अमेरिकेतल्या फंडांबाबत दरवर्षी हीच तफावत मोजते. २०२३ अखेरच्या दहा वर्षांत फंडांनी मिळवलेला परतावा आणि गुंतवणूकदारांच्या हाती लागलेला परतावा यांत वर्षाला साधारण एका टक्क्याचा फरक निघाला. कारण जुनेच आहे. वाढ डोळ्यांनी दिसल्यावर पैसा आत येतो आणि पडझड सोसवेनाशी झाली की बाहेर जातो.

मग दोन्ही फंड मिळून तुमचे नेमके किती? ८.९ आणि उणे १२.८ यांची सरासरी काढून उणे दोन म्हणू नका, ही चूक फार सर्रास होते. टक्क्यांची बेरीज-भागाकार होत नसतो, कारण प्रत्येक टक्क्यामागे वेगळी रक्कम आणि वेगळा काळ असतो. कागदावर अंदाज काढण्याची एक साधी रीत सांगते. एक लाख रक्कम एक वर्ष गुंतून राहिली तर त्याला एक 'लाख-वर्ष' म्हणू. दुसऱ्या फंडात एक लाख दोन वर्षे आणि पाच लाख एक वर्ष, म्हणजे सात लाख-वर्षे. पहिल्या फंडातले साठ हप्ते असेच मोजले तर सव्वापंधरा लाख-वर्षे होतात. एकूण सव्वाबावीस. नफा किती? पहिल्यात दीड लाख मिळाले, दुसऱ्यात अठ्ठ्याऐंशी हजार गेले, उरले बासष्ट हजार. बासष्ट हजारांना सव्वाबावीस लाखांनी भागले की २.८ टक्के येतात. या रीतीत चक्रवाढ धरलेली नसते, त्यामुळे काळ लांबला की आकडा थोडा फुगतो. काटेकोर हिशेबाने तुमचा एकूण परतावा वर्षाला २.७ टक्के आहे.

इथे यजमान बरोबर ठरतात. याच रकमा याच तारखांना सहा टक्क्यांच्या ठेवीत गेल्या असत्या तर आज तेरा लाख चाळीस हजारांच्या आसपास असत्या, तुमच्याकडे बारा लाख बासष्ट हजार आहेत. त्यांना हे सांगा. मात्र सोबत हेही सांगा की ही तूट दरमहाच्या हप्त्याने आणलेली नाही. एका दिवशी, एका वर्षाची वाढ पाहून टाकलेल्या पाच लाखांनी ती आणली.

काटेकोर हिशेब तुमचा तुम्हालाच करता येईल. एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये दोन रकाने करा, तारीख आणि रक्कम. तुमच्या खिशातून गेलेली प्रत्येक रक्कम उणे चिन्हाने लिहा, हातात परत आलेली अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचे एकूण मूल्य, अधिक चिन्हाने, जणू आज सगळे विकून पैसे हाती आले. मग एक्सआयआरआर (XIRR) हे फंक्शन लावा. आधी रकमांचा रकाना, मग तारखांचा. येणारा आकडा म्हणजे तुमचा वार्षिक परतावा. एरर आली तर बहुतेक वेळा तारीख मजकूर म्हणून टाइप झालेली असते किंवा उणे चिन्हे राहून गेलेली असतात.

प्रत्येक फंडाचे एक पान ठेवा आणि सगळ्यांचे मिळून आणखी एक. लोक गडबडतात ते पुढच्या गोष्टींत.

लाभांश रोख घेतला असेल तर ती परत आलेली रक्कम आहे, अधिक चिन्हाने लिहायची. तो पुन्हा त्याच फंडात युनिट म्हणून गेला असेल तर काहीच लिहायचे नाही. तुमच्या खिशातून नवे काही गेलेले नाही आणि वाढलेले युनिट आजच्या मूल्यात आपोआप मोजले जातातच. अनेक ॲप पुन्हा गुंतवलेला लाभांश 'गुंतवलेली रक्कम' म्हणून धरतात आणि मग नफा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. लाभांशाला वरकमाईही समजू नका. १२ एनएव्हीच्या फंडाने युनिटमागे १ वाटला की त्या दिवशी एनएव्ही ११ होते. तुमचाच पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात येतो.

फंड बदलला, म्हणजे स्विच केला, तर दोन्ही फंडांच्या पानांवर नोंद करायची, एकत्रित पानावर नाही. याकडे विशेष लक्ष द्या. स्विचनंतर ॲपवर नवा फंड शून्यापासून सुरू होतो आणि जुना तोटा पडद्यावरून नाहीसा होतो. तुमच्या पैशातून तो नाहीसा झालेला नसतो. एजंटचे ऐकून दर दोन वर्षांनी फंड बदलणाऱ्यांच्या ॲपवर नेहमी छोटे छोटे हिरवे आकडे दिसतात आणि दहा वर्षांत नेमके काय कमावले हे त्यांना कधीच कळत नाही. एकत्रित पान ठेवायचा माझा आग्रह एवढ्यासाठीच.

खरेदीच्या वेळी शुल्क कापले गेले असेल तर तुम्ही दिलेली पूर्ण रक्कम लिहा. एक लाख दिले आणि ५ टक्के विक्रीशुल्क जाऊन पंच्याण्णव हजारांचेच युनिट मिळाले, तरी तुमच्या पानावर एक लाखच. नुसती बरोबरी साधायला त्या युनिटना ५.२६ टक्के वाढावे लागते. वार्षिक व्यवस्थापन शुल्क मात्र वेगळे वजा करू नका, ते एनएव्हीतून आधीच गेलेले असते. दिसत नाही म्हणून ते छोटे नाही, हे ध्यानात असू द्या. वर्षाला ८ टक्क्यांनी एका लाखाचे वीस वर्षांत चार लाख सहासष्ट हजार होतात, ७ टक्क्यांनी तीन लाख सत्त्याऐंशी हजार. एक टक्का जास्त शुल्काची किंमत एवढी.

आणखी एक. वर्षापेक्षा कमी काळासाठी एक्सआयआरआर बघू नका. एका महिन्यात ३ टक्के वाढ झाली की ते फंक्शन तिला वर्षाच्या मापात ताणून ४२ टक्के दाखवते, आणि पडझडीच्या महिन्यात उलट्या दिशेने तितकेच घाबरवते. पान वर्षातून दोनदा भरलेत तरी पुरे.

परतावा समजला की तो चांगला की वाईट हे ठरवायला शेजारी काहीतरी लागते. फंडाच्या कामासाठी त्याचा निर्देशांक, म्हणजे तो फंड ज्या बाजारात गुंतवतो त्याची एकूण चाल दाखवणारा आकडा, आणि तुमच्या पैशासाठी, यजमान म्हणतात तशी, ठेव. निर्देशांक लाभांशासह मोजलेला घ्या, नुसत्या भावांचा नको; नाहीतर लाभांश धरलेल्या फंडाची तुलना लाभांश गाळलेल्या निर्देशांकाशी होते आणि फंड उगाच हुशार दिसतो. इक्विटी फंडासमोर शेअर निर्देशांक, रोखे फंडासमोर रोख्यांचा. वर्षानुवर्षे फंड निर्देशांकाच्या मागे रडतखडत चालला असेल, तर व्यवस्थापकाला जास्त शुल्क देण्यात अर्थ नाही; त्या निर्देशांकावरच चालणारा कमी खर्चाचा इंडेक्स फंड घ्यावा. जॉन बोगल यांनी १९७६ साली व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीतून सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड आणला तेव्हा त्याची टिंगल झाली होती. आज ती जगातली एक मुख्य वाट आहे.

आता, करायचे काय.

दरमहाचा हप्ता चालू ठेवा. तो फंड त्याच्या निर्देशांकासमोर कसा उभा आहे ते एकदा तपासा, बाकी त्याला हात लावू नका.

पाच लाखांचे वेगळे आहे. मला त्या फंडाच्या २० टक्क्यांच्या घसरणीपेक्षा तुमच्या पत्राच्या शेवटी आलेले एक वाक्य जास्त काळजीचे वाटले : मुलाला पैसे चार वर्षांनी लागणार आहेत. फीची तारीख ठरलेली असते, बाजाराच्या सावरण्याची नसते. पाचाचे चार झाले आहेत. चाराचे पुन्हा पाच व्हायला २५ टक्के वाढ लागेल. ती वर्षभरात होईल किंवा पाच वर्षांत होणार नाही. 'मुद्दल निघाले की काढते' असे मनात असेल तर थोडे थांबा. तुम्ही कितीला घेतले हे बाजाराला माहीत नसते आणि पुढच्या वाटचालीशी त्याचा संबंधही नसतो. आज तुमच्या हातात चार लाख रोख असते आणि चार वर्षांनी फी भरायची असती, तर सगळे चार लाख इक्विटी फंडात टाकले असते का? पाचही लाख गेल्या वर्षापर्यंत तुम्ही शिक्षणासाठी बाजूला ठेवले होते, त्यावरून तुमचे उत्तर काय असेल याचा मला अंदाज आहे. म्हणून माझे मत असे की यातला साधारण अर्धा भाग आताच ठेवीत किंवा अल्प मुदतीच्या रोखे फंडात हलवा, उरलेला येत्या दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी थोडा थोडा. शेवटची दोन वर्षे फीच्या पैशातले काहीही शेअर बाजारात नको. पहिल्या लाखाचा शिक्षणाशी संबंध नसेल तर तो राहू द्या. काढण्याआधी निर्गमन शुल्क किती दिवसांपर्यंत लागते आणि विक्रीवर तुमच्या देशाच्या नियमाने कर किती, हे दोन्ही बघून घ्या. कधीकधी महिनाभर थांबल्याने शुल्क वाचते.

राहिले एजंट आणि दहा एनएव्हीचा नवा फंड. एनएव्ही १० असलेल्या फंडात एका लाखाचे १०,००० युनिट मिळतील, १०० असलेल्या फंडात १,००० मिळतील. दोन्ही फंड १० टक्के वाढले तर दोन्हीकडे एक लाख दहा हजारच होतील. युनिट भरपूर मिळणे हा फायदा नाहीच. नव्या फंडाला मागचा इतिहासही नसतो, म्हणजे निर्देशांकाशी तुलना करायला तुमच्या हाती काही नाही. स्वस्त एनएव्हीच्या नावाखाली मुलाच्या शिक्षणाचे पैसे पुन्हा इक्विटीत जाणे मला अजिबात मान्य नाही. एजंटना तीन गोष्टी लेखी विचारा : जुन्यातून निघताना किती शुल्क कापले जाईल, नव्यात शिरताना किती, आणि या बदलावर त्यांना स्वतःला किती कमिशन मिळेल. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तुमच्या एकत्रित पानावर लिहून यजमानांना दाखवा, आणि उत्तर लेखी येईपर्यंत कुठल्याही फॉर्मवर सही करू नका.